संकरित पोपट विकत घेताना: आईबापांची नोंद, तब्येत आणि पैदास

सन कोन्यूर आणि जेंडे कोन्यूर या लांब शेपटीच्या, रंगीत परदेशी पोपटांच्या दोन जातींच्या संकरातून झालेला एक पक्षी आमच्या घरी आहे. तो घेताना लागणारी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळवावी लागली: थोडी ब्रीडरकडून (पक्ष्यांची पैदास करणाऱ्याकडून), थोडी पशुवैद्यांकडून, आणि कायद्याची बाजू मूळ नियम वाचून. हा लेख पहिल्यांदाच पोपट घेणाऱ्यांसाठी आहे. त्यात सांगायची मुख्य गोष्ट एवढीच की, संकरित पक्ष्याच्या रंगावरून त्याचे आईबाप खात्रीने ओळखता येत नाहीत, आणि त्याची तब्येत, स्वभाव, आकार व कायदेशीर दर्जा हे सारे तर आईबापांवरच अवलंबून असते. म्हणून रंगापेक्षा आईबापांच्या नोंदीसाठी पैसे मोजावेत. जो ब्रीडर ही नोंद दाखवू शकत नाही, त्याच्याकडचा पक्षी कितीही देखणा असला तरी मी तो घेणार नाही.

1. विक्रेता कशाला ‘हायब्रिड’ म्हणतो आहे, ते आधी समजून घ्या

बाजारात हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी सैलपणे वापरला जातो. पहिली गोष्ट म्हणजे दोन जातींचा खरा संकर. मकाव या मोठ्या परदेशी पोपटांमध्ये ब्लू अँड गोल्ड आणि स्कार्लेट या जातींच्या पिल्लाला कॅटालिना म्हणतात, ब्लू अँड गोल्ड आणि ग्रीन-विंग यांच्या पिल्लाला हार्लेक्विन, तर स्कार्लेट आणि ग्रीन-विंग यांच्या पिल्लाला रुबी. कॅटालिना पुन्हा स्कार्लेटशी जोडला की होणाऱ्या पिल्लाला कॅमेलॉट हे नाव आहे, म्हणजे तो संकराच्या पुढच्या पिढीतला पक्षी असतो. ही नावे पक्षी पाळणाऱ्यांनी दिलेली आहेत, शास्त्रीय नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे रंगबदल, ज्याला पक्षी पाळणारे म्युटेशन म्हणतात. पाइनॅपल किंवा टर्कॉइज रंगाचा ग्रीन-चीक कोन्यूर हा संकर नसतो. तो त्याच जातीचा, वेगळ्या रंगाचा पक्षी असतो. त्याला ‘रेअर हायब्रिड’ म्हणून जास्त किंमत सांगणारा विक्रेता एकतर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतो आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. आपल्याकडचा नेहमीचा हिरवा राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला पहाडी पोपट आणि जांभळट डोक्याचा तोता या देशी जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे आणि घरी पाळणे बेकायदेशीर आहे. राघू आणि पहाडी यांचे पिल्लू ‘हायब्रिड आहे, म्हणून चालते’ असे सांगून विकले जात असेल, तर दोन संरक्षित जातींच्या संकराने त्यांचे संरक्षण संपत नाही, हे लक्षात ठेवा. साध्या राघूच्या पिल्लाच्या खांद्यावर तांबडा रंग लावून तो पहाडी म्हणून खपवण्याची लबाडीही जुनी आहे. असल्या सौद्यातून सरळ बाहेर पडावे.

आता कोन्यूरविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या घरांत मकावापेक्षा हाच पक्षी अधिक येतो. प्रौढ सन कोन्यूरच्या पंखांच्या वरच्या भागात पिवळा रंग भरपूर असतो, तर जेंडेचे पंख आणि पाठ हिरवी असून पिवळा-केशरी रंग डोके, छाती आणि पोट यांवर असतो. संकरित पक्षी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. आमच्या पक्ष्याचा पंख खिडकीच्या उजेडात उलगडला की खांद्याशी गर्द पिवळा पट्टा दिसतो, आणि त्याच्या खालच्या ओळीत प्रत्येक पीस मधोमध हिरवे आणि कडेला पिवळे असते. परंतु शुद्ध सन कोन्यूरची पिल्लेही लहानपणी बरीच हिरवी असतात आणि त्यांचा पिवळा रंग पुढे पिसे झडून नवी येताना हळूहळू पसरतो. त्यामुळे तीन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून ‘हा शुद्ध सन’ किंवा ‘हा संकर’ असे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये आणि आईबाप प्रत्यक्ष पाहावेत.

2. कायदेशीर दर्जा तपासा

वन्यजीव अधिनियमात 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली. तिच्यामुळे ‘साइट्स’ या वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या परदेशी जाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि त्या पाळणाऱ्याला नोंदणी करणे बंधनकारक झाले. नोंदणीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये निघाले. अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश 2.0’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. नवा पक्षी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत ही नोंदणी करायची असते. पुढे पिल्ले झाली, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तर तेही कळवावे लागते.

बहुतेक सगळे पोपट साइट्सच्या परिशिष्टांत आहेत. अपवाद फक्त चार जातींचे: बजरीगर, कॉकाटील, पीच-फेस्ड लव्हबर्ड आणि आपला राघू. यातल्या राघूला आपल्या देशात कायद्याचे वेगळे संरक्षण आहेच. सन आणि जेंडे हे दोन्ही कोन्यूर परिशिष्ट दोनमध्ये आहेत. ब्लू अँड गोल्ड आणि ग्रीन-विंग हे मकावही दोनमध्ये आहेत, पण स्कार्लेट आणि मिलिटरी मकाव परिशिष्ट एकमध्ये म्हणजे अधिक कडक बंधनांखाली येतात.

संकराच्या बाबतीत साइट्सचा दंडक असा आहे की, मागच्या चार पिढ्यांत परिशिष्टातला पूर्वज असेल तर संकरित पक्ष्यालाही तेच नियम लागतात, आणि आईबाप वेगवेगळ्या परिशिष्टांतले असतील तर कडक परिशिष्ट धरले जाते. म्हणजे कॅटालिनाचा एक पालक परिशिष्ट दोनमधला असला तरी स्कार्लेटमुळे तो परिशिष्ट एकमधला पक्षी ठरतो. परिशिष्ट एकमधल्या जातींची पैदास करणाऱ्याला मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. ब्रीडरकडे तो परवाना आणि स्कार्लेट पालकाची नोंदणी या दोन्ही गोष्टी मागाव्यात. ‘संकराला कायदा लागत नाही’ हे वाक्य कानावर पडले, की तो व्यवहार तिथेच थांबवावा.

3. ही कागदपत्रे मागा

पैसे देण्यापूर्वी पुढील कागद हातात असावेत. छायाचित्रावर भागवू नये, प्रती घ्याव्यात.

- दोन्ही पालकांच्या नोंदणीची प्रत, आणि लागू असेल तेथे पैदाशीचा परवाना.
- दुकानातून घेत असाल तर 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे झालेल्या दुकानाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र.
- पक्की पावती. तीवर ‘पोपट, 1 नग’ एवढेच नको. दोन्ही पालकांच्या जाती, पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याची तारीख आणि पायातल्या रिंगचा क्रमांक लिहिलेला असावा.
- नर-मादी ठरवणाऱ्या डीएनए चाचणीचे कार्ड, ज्यावर तोच रिंग क्रमांक असेल.
- पशुवैद्यांचा तपासणी अहवाल आणि आजारांच्या चाचण्यांचे निकाल.

रिंगविषयी एक खुलासा. पायातली अखंड रिंग पिल्लू अगदी लहान असतानाच चढवता येते, पाय मोठा झाल्यावर ती जात नाही. त्यामुळे ती पैदाशीच्या ठिकाणीच घातली गेल्याची बऱ्यापैकी खूण ठरते. मध्ये फट असलेली रिंग मात्र केव्हाही बसवता येते, आणि तिच्यावरचा क्रमांक कोणत्याही कार्डाशी जुळवता येतो. मकावासाठी मायक्रोचिप अधिक भरवशाची.

4. पक्षी पाहायला स्वतः जा

ऑनलाइन आगाऊ रक्कम भरून पार्सलने पक्षी मागवू नये. फसवणुकीची भीती आहेच, शिवाय त्या जिवाचे प्रवासात होणारे हाल तुम्हाला दिसतही नाहीत. सकाळच्या वेळी जावे, ब्रीडरला भेटीची वेळ आधी सांगितली असली तरी थोडे लवकर पोहोचावे आणि पिंजऱ्यापासून जरा दूर बसून राहावे. आजारी पोपट अनोळखी माणूस समोर आला की आजार लपवतो, पण लक्ष आपल्यावर नाही असे वाटले की पिसे फुलवून, डोळे मिटून बसतो. प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वरखाली होत असेल तर श्वसनाचा त्रास आहे, असे समजावे.

नंतर जवळून पाहा. नाकपुड्या कोरड्या व सारख्या आकाराच्या असाव्यात, डोळ्यांत पाणी नसावे, शेपटीखालची पिसे स्वच्छ असावीत. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना भरीव मांस लागले पाहिजे. हाड सुरीच्या धारेसारखे वर आले असेल तर पक्षी खंगलेला आहे, मग पिसे कितीही चमकदार असोत. पिंजऱ्याच्या तळाचा कागदही पाहावा. निरोगी विष्ठेत हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि स्वच्छ पाणी असे तीन भाग वेगवेगळे दिसतात. पांढऱ्याच्या जागी पोपटी-हिरवा रंग दिसणे हे यकृताच्या बिघाडाचे लक्षण असू शकते, आणि विष्ठेत अख्खे दाणे पडत असतील तर पचनसंस्थेचा गंभीर आजार संभवतो.

आईबाप पाहताना त्यांची पिसे उपटलेली आहेत का, त्यांना मोकळे उडायला जागा आहे का, आणि वर्षातून किती वेळा त्यांच्याकडून पिल्ले घेतली जातात, हे विचारावे. वर्षभर अंड्यांवरच बसवलेल्या मादीच्या शरीरातले कॅल्शियम संपत जाते आणि त्याचे परिणाम पिल्लांच्या हाडांवरही दिसतात.

5. संकरित पक्षी दणकट असतो, या समजुतीवर विसंबू नका

‘क्रॉस आहे, आजारीच पडत नाही’ हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य आहे. संकराच्या पहिल्या पिढीत काही गुण जोमदार दिसू शकतात हे खरे, पण तो जोम विषाणूंपासून संरक्षण देत नाही आणि पुढच्या पिढीत टिकेल याचीही शाश्वती नसते. संकरित पक्ष्याला दोन्ही पालकांचे आजार होऊ शकतात, असे धरून चालणेच शहाणपणाचे.

चाचण्या कोणत्या कराव्यात, हे पोपट पाहण्याचा सराव असलेल्या पशुवैद्यांना विचारूनच ठरवावे. साधारणपणे पुढच्या आजारांचा विचार होतो.

सिटॅकोसिस हा क्लॅमिडिया जिवाणूमुळे होणारा आजार माणसालाही होतो. त्यात ताप, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर ही चाचणी टाळूच नये. पक्ष्याला नुकतेच प्रतिजैविक दिले असेल तर आजार असूनही चाचणीत तो सापडत नाही, म्हणून ‘गेल्या काही आठवड्यांत पाण्यातून कोणते औषध दिले?’ हा प्रश्न नेमकेपणाने विचारावा.

पीबीएफडी म्हणजे चोच आणि पिसांचा विषाणूजन्य आजार, त्यावर खात्रीचा इलाज नाही. पॉलिओमा विषाणू विशेषतः कोन्यूर व मकाव यांच्या लहान पिल्लांना अचानक मारतो. बोर्नाव्हायरसमुळे होणारा आजार मकावांमध्ये पूर्वी ‘मकाव वेस्टिंग’ या नावाने ओळखला जाई. त्यात पक्षी खातो, पण खाल्लेले पचत नाही आणि तो वाळत जातो. या विषाणूचा एक अडचणीचा गुण म्हणजे तो शरीरातून सतत बाहेर पडत नाही. म्हणून एकदा आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल निर्णायक मानू नये, काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. पाचेको हा नागीणवर्गीय विषाणूचा आजार काही कोन्यूर लक्षणे न दाखवता बाळगतात. घरात आधीच दुसरे पोपट असतील तर त्याचाही विचार करावा.

6. हँडफीडचे पिल्लू घेऊ नका

‘हाताने भरवलेत तरच लळा लागतो’ असे सांगून डोळे जेमतेम उघडलेली पिल्ले नवख्या माणसाच्या हाती दिली जातात, कारण त्यामुळे ब्रीडरचे कष्ट वाचतात. भरवणीचे मिश्रण जास्त गरम झाले तर पिल्लाची क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, आतून भाजते. गार झाले तर अन्न तिथेच आंबते. सिरिंजचा कोन चुकला तर अन्न श्वासनलिकेत जाऊन पिल्लू क्षणात मरते. लळ्याचे म्हणाल तर स्वतः खाऊ लागलेले, माणसांत वाढलेले पिल्लूही तितकेच माणसाळते. कोन्यूर सुमारे दोन-अडीच महिन्यांत आणि मोठे मकाव त्याहून बऱ्याच उशिरा पूर्णपणे स्वतः खाऊ लागतात. पिल्लू तुमच्यासमोर दाणे, फळ आणि भाजी खाताना पाहावे. नंतर लागोपाठ काही दिवस त्याचे वजन घटत नाही, हे ब्रीडरच्या वजनवहीत तपासावे. अशी वही नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

7. पैदास करायची का, हे पक्षी घेण्याआधी ठरवा

माझे मत स्पष्ट आहे: संकरित पक्षी घरातला सोबती म्हणून आनंदाने पाळावा, पण त्याच्यापासून पुढे पिल्ले घेऊ नयेत. याची कारणे सविस्तर सांगायला हवीत.

पहिले कारण वन्य जातींचे. सन कोन्यूर गयाना आणि ब्राझीलच्या उत्तर भागात राहतो आणि रानात तो आता संकटग्रस्त आहे. त्याचा संकर जेंडेशी होत राहिला आणि ती पिल्ले ‘सन’ म्हणून विकली गेली, की पिंजऱ्यातली शुद्ध वंशावळही गढूळ होते. दोन-तीन पिढ्यांनंतर ती निवडून काढणे कुणालाच शक्य होत नाही.

दुसरे कारण वांझपणाचे. जवळच्या जातींचे संकर, जसे मकावांमधले, बहुधा प्रजननक्षम असतात. दूरच्या जातींचे नसतात. पक्ष्यांमध्ये मादीची लिंगगुणसूत्रे दोन वेगळ्या प्रकारची असतात, त्यामुळे संकरात दोष आला तर तो आधी माद्यांमध्ये दिसतो. आपल्याकडे एकाच मोठ्या पिंजऱ्यात पीच-फेस्ड आणि फिशर हे लव्हबर्ड सर्रास एकत्र ठेवतात. त्यांची पिल्ले सुंदर दिसतात, पण वांझ असतात. अशा मादीने घातलेल्या अंड्यांतून काही निघत नाही आणि मादीच्या शरीराची मात्र झीज होते.

तिसरे कारण स्वभावाचे, आणि त्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. पीच-फेस्ड मादी घरट्यासाठी कापलेल्या पट्ट्या कमरेच्या पिसांत खोचून नेते, तर फिशर चोचीत धरून नेतो. अमेरिकेतले संशोधक विल्यम डिल्गर यांनी 1962 मध्ये या दोहोंच्या संकरित पिल्लांविषयी लिहिले. ती पिल्ले पट्टी पिसांत खोचू पाहत, पण ती नीट बसत नसे आणि गळून पडे. चोचीतून नेणे त्यांना पुष्कळ काळाने जमू लागले, तरी नेण्यापूर्वी मान मागे वळवण्याची खोड पुरती गेली नाही. संकरात दोन स्वभावांची मधली वाट निघेलच असे नाही, हे यातून दिसते. तेव्हा ‘आई शांत, बाप बडबड्या, म्हणजे पिल्लू दोन्ही’ हा विक्रेत्याचा हिशेब मनावर घेऊ नये. मकावात ग्रीन-विंग पालक असेल तर पिंजरा, खेळणी आणि चोचीची ताकद त्या मोठ्या पालकाच्या मापाने धरावी.

येथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे ‘तयार जोडी’. एकाच घरट्यातले भाऊबहीण जोडी म्हणून दिले जातात, ते एकमेकांना बिलगून बसतात आणि घेणाऱ्याला त्याचे कौतुक वाटते. पुढे त्यांच्यात पैदास झाली तर दोष वाढत जातात. दुसरा सापळा म्हणजे घरटे. कोन्यूर आणि मकाव यांत नर-मादी दिसण्यावरून कळत नाहीत, म्हणून डीएनए चाचणी पाळीव पक्ष्यासाठीही करावी. पक्षी मादी असेल तर ती एकटी असतानाही अंडी घालू शकते आणि अंडे अडकून मरू शकते. पिंजऱ्यात मटका, घरट्याची पेटी किंवा झोपण्यासाठी कापडी तंबू ठेवू नये. पाठीवर आणि शेपटीखाली कुरवाळू नये, डोके आणि मान पुरे. ती पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आणि जोर काढताना दिसली, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे.

8. घरी आणल्यानंतरचा पहिला दीड महिना

घरात इतर पक्षी असतील तर नव्याला 30 ते 45 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे. भांडी वेगळी असावीत आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत पशुवैद्यांची तपासणी करून घ्यावी. तसे पशुवैद्य जवळ नसतील तर पक्षी घेण्याआधीच त्यांचा शोध लावून ठेवावा. लहान शहरांत त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागते, ही वस्तुस्थिती आहे.

स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा सर्वांत उपयोगी. रोज सकाळी विष्ठा झाल्यावर आणि खाण्यापूर्वी वजन घेऊन लिहावे. सन कोन्यूरचे वजन साधारण 100 ते 120 ग्रॅम असते, त्यामुळे दहा-बारा ग्रॅमची घट ही एक दशांश घट आहे. ती दिसली तर थांबू नये.

जुन्या खाण्यातून नव्या खाण्याकडे हळूहळू जावे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटात चरबी साचते आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता होते. राळा, गाजर, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला आणि मोडाची कडधान्ये द्यावीत. अव्होकाडो, चॉकलेट आणि चहा-कॉफी कधीही देऊ नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, शेंगदाणे आणि मका यांना बुरशी धरते. तिचे विष यकृताला मारक असते, आणि बुरशीचे कण फुप्फुसांतही जातात. म्हणून दाणे थोडेथोडे आणून हवाबंद डब्यात ठेवावेत. नॉनस्टिक तवा कोरडा तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पोपट काही मिनिटांत मरतो. उदबत्ती, डासांची कॉइल आणि दिवाळीचा धूर यांपासूनही त्याची खोली दूर असावी. स्वस्त पिंजऱ्यावर जस्ताचा मुलामा सुटत असेल तर तो पिंजरा बदलावा, कारण पक्षी तारा चोचीने खरवडतो.

हे सगळे चालू असताना परिवेशवरील नोंदणीचे 30 दिवस निघून जाऊ देऊ नयेत. अर्जात जातीच्या रकान्यात दोन्ही पालकांचा उल्लेख करावा, नुसते ‘सन कोन्यूर’ लिहू नये. पावती, डीएनए कार्ड आणि अर्ज या तिन्हींवर रिंगचा क्रमांक एकच आहे ना, हे अर्ज पाठवण्यापूर्वी अंक न अंक जुळवून पाहावे.